एका रुपयाच्या कारखान्यातून किती रुपयांचा माल?

नागपुरात कुणी कारखानदार भेटला की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: टर्नओव्हर किती? लग्नाच्या पंगतीत हाच, बँकेत हाच, एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवरही हाच. बारा कोटी म्हटलं की समोरचा मान डोलावतो. ते बारा कोटी उभे करायला शेड, मशीन, गोदामातला माल आणि बाजारात पसरलेली उधारी मिळून किती पैसा अडकलाय, हे सहसा कुणी विचारत नाही. समजा, हिंगण्याच्या एकाच रस्त्यावर दोन युनिट आहेत आणि दोघांचीही विक्री १२ कोटी आहे. एकाचे ८ कोटी गुंतलेत, दुसऱ्याचे १६. गेटवरच्या पाटीवरून दोघं सारखेच मोठे वाटतील. पण तेवढाच माल विकायला दुसऱ्याने दुप्पट पैसा अडकवून ठेवलाय, आणि त्यातला बराचसा बँकेचा असेल तर त्याचं व्याज दर महिन्याला खात्यातून कटतंय.

हा फरक दाखवणाऱ्या आकड्याला मालमत्ता उलाढाल गुणोत्तर म्हणतात. नाव जड, हिशोब शाळकरी: वर्षभराच्या विक्रीला एकूण मालमत्तेने भागायचं. पहिल्या युनिटचं १.५ येतं, दुसऱ्याचं ०.७५. म्हणजे पहिल्याकडे गुंतलेल्या प्रत्येक रुपयामागे वर्षात दीड रुपयाचा माल बाहेर पडतो, दुसऱ्याकडे बारा आण्यांचा.

भागाकार सोपा असला तरी कोणते आकडे घ्यायचे यात गोम आहे. विक्री जीएसटी वगळून घ्यायची, कारण तो पैसा आपल्या हातून फक्त पुढे जातो. मुदतठेवीचं व्याज, शेड भाड्याने दिल्याचं उत्पन्न असलं काही त्यात मिसळायचं नाही. मालमत्ता म्हणजे ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूची एकूण बेरीज: जमीन, इमारत, घसारा (वापराने होणारी झीज) वजा केलेली मशिनरी, कच्चा माल, अर्धवट माल, तयार माल, येणी (ग्राहकांकडे थकलेली उधारी), बँकेतली शिल्लक, दिलेल्या अनामत रकमा, सगळं. विक्री वर्षभराची असते आणि ताळेबंद एका दिवसाचा, म्हणून वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची मालमत्ता घेऊन सरासरी काढतात.

विदर्भात ही सरासरीसुद्धा फसवते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवाल्याचा ३१ मार्च येतो तेव्हा हंगाम उतरणीला लागलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत त्याच्या आवारात कापसाचे जे डोंगर उभे होते, ते ना मागच्या मार्चच्या ताळेबंदात दिसतात ना यंदाच्या. दोन उतरणींची सरासरी काढली तर उतरणच हाती येणार. अशा धंद्यात बँकेला दर महिन्याला जातात ती स्टॉक स्टेटमेंटं काढावीत आणि बारा महिन्यांची सरासरी घ्यावी. ती कागदं तशीही फाइलला पडून असतात.

पैसा नेमका कुठे बसलाय

पहिल्या युनिटचे ८ कोटी उघडून पाहू. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारं फॅब्रिकेशन युनिट धरा. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना हिंगण्यातच असल्याने असं काम इथल्या लोकांना डोळ्यासमोर आणायला अवघड नाही. (आकडे माझ्या मनातले आहेत, हिशोब समजावा म्हणून.) शेड आणि मशिनरी ४ कोटी, साठा दीड कोटी, येणी २ कोटी, बाकी किरकोळ अर्धा कोटी. विक्री १२ कोटी.

स्थिर मालमत्तेवर, म्हणजे शेड-मशिनरीवर, विक्री तिप्पट आहे. साठा वर्षात आठ वेळा फिरतो, म्हणजे पत्रा आत आल्यापासून माल बाहेर जाईपर्यंत साधारण ४६ दिवस. (काटेकोर करायचं तर इथे विक्रीऐवजी मालाचा उत्पादनखर्च घ्यावा; मग दिवस आणखी वाढतात.) येणी सहा वेळा फिरतात, म्हणजे बिल फाडल्यापासून पैसे यायला ६१ दिवस. इथे आणखी एक बारकावा. बिलात जीएसटी (समजा १८ टक्के) धरलेला असतो आणि विक्रीच्या आकड्यात तो नसतो. तो काढून टाकला तर खरे दिवस ५२ च्या आसपास निघतात. वसुलीवरून दोन भागीदारांत वाद सुरू असेल तर कोण कुठला आकडा धरून बोलतोय ते आधी पाहावं.

आता हे १.५ सुधारायचं कसं? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, नवीन मशीन घेऊ. घेतलं, एक कोटीचं. विक्री ८० लाखांनी वाढली. नवं गुणोत्तर १२.८ भागिले ९, म्हणजे १.४२. खाली आलं! वाढलेल्या विक्रीबरोबर साठा आणि उधारीही वाढणार, ती मी अजून धरलेलीच नाही. एवढ्यावरून मशीन घेणं चूक ठरत नाही, पुढच्या वर्षी त्यावर दोन कोटींचं काम येऊही शकतं. पण पुष्कळदा काम अडलेलं असतं भलतीकडेच. लेझर कटिंग एका शिफ्टमध्ये सगळा पत्रा कापून मोकळं होतं आणि पावडर कोटिंगच्या भट्टीपुढे माल रांगेत पडून राहतो. अशा ठिकाणी दुसरं कटिंग मशीन आणलं तर रांग तेवढी लांब होते.

त्याऐवजी येणी २ कोटींवरून दीड कोटीवर आणली आणि साठा दीडवरून एक कोटीवर, तर मालमत्ता ७ कोटी होते आणि गुणोत्तर १.७१. विक्री तेवढीच, नवीन खिळाही विकत घेतलेला नाही. सुटलेल्या एका कोटीने सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं उतरवलं तर १० टक्के दराने वर्षाला १० लाख व्याज वाचतं. या युनिटचा नफा विक्रीच्या ५ टक्के, म्हणजे ६० लाख असेल, तर त्यावर १० लाख ही चिल्लर नव्हे. हा पैसा मात्र खरोखर उतरवायला हवा. चालू खात्यात तसाच पडून राहिला तर मालमत्तेची बेरीज तसूभरही कमी होत नाही. उधारी फक्त रोखीचे कपडे घालून बसते.

तिसरा मार्ग दुसऱ्या शिफ्टचा. काम मिळत असेल तर यासारखं काही नाही. विक्री १८ कोटी झाली, शेड-मशीन तेच ४ कोटींचं राहिलं, साठा आणि येणी विक्रीच्याच प्रमाणात वाढून सव्वादोन आणि तीन कोटी झाली. किरकोळ अर्धा कोटी धरून एकूण ९.७५ कोटी, गुणोत्तर १.८५. ‘काम मिळत असेल तर’ हीच खरी अडचण आहे. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांच्या क्षमता-वापराची पाहणी करते. त्यात अलीकडच्या वर्षांत देशाचा आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास फिरतोय. म्हणजे उभ्या असलेल्या क्षमतेचा साधारण पाव भाग वापराविना राहतो, आणि त्यावरचा घसारा काही थांबत नाही.

उधारीच्या बाबतीत कायदा लहान कारखान्याच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाहीत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. बराच काळ हे कागदावरच होतं. मग आयकर कायद्यात कलम ४३ब मध्ये पोटकलम आलं आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याच्या वर्षीच खर्चात धरता येऊ लागली. त्या मार्चमध्ये वसुलीचे फोन दोन्ही बाजूंनी वाजले. मोठ्या कंपनीला ‘पैसे द्या’ म्हणायला अजूनही अनेकांची जीभ अडखळते, कारण पुढची ऑर्डर तिच्याच हातात असते. पण निदान मार्चच्या तोंडावर तिचा सीएच तिला आठवण करून देतो.

सव्वा रुपया कमवायचा की सव्वाशे वेळा फिरवायचा

हे गुणोत्तर एकटं काहीच सिद्ध करत नाही. ते नफ्याच्या टक्केवारीबरोबर वाचायचं असतं. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन नावाच्या माणसाने १९१० च्या दशकात ही जोडणी मांडली: विक्रीवरचा नफा गुणिले मालमत्तेची उलाढाल, बरोबर मालमत्तेवरचा परतावा. आपल्या युनिटचं ५ टक्के गुणिले १.५, म्हणजे ७.५ टक्के. ८ कोटींवर ६० लाख, हिशोब जुळतो. पुढे ब्राउन जनरल मोटर्समध्ये गेला तेव्हा ही रीतही तिकडे गेली, आणि आज जगभर तिला ड्यूपाँट विश्लेषणच म्हणतात.

या गुणाकारामुळेच दोन अगदी वेगळे धंदे सारखंच कमावू शकतात. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर प्लेटमागे मिळतं थोडंच, पण सकाळी घेतलेले पोहे-चणे दुपारच्या आत पैसे होऊन परत आलेले असतात. तोच पैसा महिन्यात पंचवीस-तीस वेळा फिरतो. सिमेंटवाल्याला असं फिरता येत नाही. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत खाण, भट्टी, गिरणी, रेल्वे सायडिंग असा अवाढव्य पसारा आधी उभा करावा लागतो आणि मग टनामागे चांगला नफा सुटला तरच गणित बसतं. कोराडी किंवा खापरखेड्यासारखं वीज केंद्र तर याहून जड. वर्षभराची वीजविक्री केंद्राच्या किमतीपेक्षा कमी असणं हे तिथलं नेहमीचंच. म्हणून वीज कंपनीचं ०.४ आणि फरसाण बनवणाऱ्या कंपनीचं २.५ शेजारी ठेवून ‘ही सुस्त, ती चपळ’ म्हणणाऱ्याला ताळेबंद वाचता येत नाही एवढंच सिद्ध होतं. सिमेंट सिमेंटशी, फरसाण फरसाणाशी आणि प्रत्येक कंपनी स्वतःच्याच मागच्या पाच वर्षांशी ताडून पाहावी.

एकाच धंद्यातली तुलनासुद्धा कधीकधी आंधळी असते. पुन्हा जिनिंगकडे जाऊ, कारण हा फसवा प्रकार आपल्याकडे डोळ्यांसमोर घडतो. समजा एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात ६ कोटी गुंतलेत आणि हंगामात २० हजार गाठी बांधल्या जातात. १७० किलोची एक गाठ. त्याने हे काम कापूस महामंडळासाठी किंवा एखाद्या व्यापाऱ्यासाठी मजुरीवर केलं आणि गाठीमागे १,२०० रुपये मिळाले असं धरू. विक्री २ कोटी ४० लाख, गुणोत्तर ०.४. पुढच्या वर्षी त्याने स्वतः शेतकऱ्यांकडून कापूस घेऊन तेवढ्याच गाठी स्वतःच्या नावावर विकल्या. गाठीला २६ हजार धरले तर विक्री ५२ कोटी, सरकीचे पैसे वेगळेच. साठ्यात सरासरी ८ कोटी अडकले, मालमत्ता १४ कोटी. गुणोत्तर ३.७!

रोलर तेच, मजूर तेच, प्रेस तीच, वीजबिलही तेवढंच. नऊ पट कार्यक्षम झालं कोण? कुणीच नाही. शेतकऱ्याच्या कापसाची किंमत विक्रीच्या आकड्यातून वाहून गेली, बस. वर भावाचा खेळ असतो तो निराळा: मे २०२२ मध्ये रुईच्या खंडीचा (सौद्यातलं वजनी माप) भाव लाखाच्या पुढे गेला होता, तशा वर्षी एक गाठ जास्त न बांधताही विक्री फुगते. म्हणून जिथे कच्चा माल महाग आणि त्यावरची प्रक्रिया थोडी, तिथे मी विक्रीऐवजी मूल्यवर्धन बघतो: विक्रीतून कच्चा माल, वीज-इंधन आणि बाहेरून घेतलेल्या सेवा वजा करून जे उरतं ते, आणि त्याला मालमत्तेने भागलेलं. केंद्र सरकारच्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीतही कारखान्यांचं उत्पादनमूल्य आणि मूल्यवर्धन वेगळं दाखवलेलं असतं, ते याच कारणाने उपयोगी पडतं. डाळ मिल, तेल मिल, सोन्याचे दागिने, तांब्याची तार: या सगळ्यांना ही फूटपट्टी लावून पाहा, चित्र पालटतं.

मशीन म्हातारं झालं की आकडा तरुण होतो

आता सगळ्यात लबाड भाग. ताळेबंदात मशीन घसारा वजा करून दिसतं. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं उपयुक्त आयुष्य १५ वर्षं धरलंय. म्हणजे काही न करता, दरवर्षी तेवढाच माल तेवढ्याच भावात विकत राहिलात, तरी भागाकाराच्या खालचा आकडा आपोआप झिजत जातो आणि गुणोत्तर चढतं. आपल्या युनिटचं शेड-मशीन ४ कोटींवरून काही वर्षांत २ कोटींवर येईल, मालमत्ता ६ कोटी, गुणोत्तर थेट २. मालक खूश, बँक मॅनेजर खूश, आणि फ्लोअरवर ऑपरेटर सांगत असतो की स्पिंडलला प्ले (सैलपणा) आलाय आणि दर दहा नगांमागे एक रिजेक्ट होतोय. उलट बुटीबोरीत नुकतीच उभी राहिलेली फॅक्टरी पाहिली तर पहिली दोन वर्षं तिचा आकडा केविलवाणा दिसेल. बांधकाम सुरू असलेला प्लांट ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ म्हणून मालमत्तेत पूर्ण मोजला जातो आणि विक्रीत एक रुपयाही आणत नाही. त्यामुळे वाढणारं गुणोत्तर पाहिलं की आधी ताळेबंदाच्या टिपांमध्ये जाऊन मशिनरीची मूळ किंमत आणि साचलेला घसारा बघावा. मूळ किमतीतली तीन-चतुर्थांश झिजून गेली असेल तर ती चपळाई उसनी आहे.

नागपूरला याची उलटी बाजूही ठाऊक आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, मुंबईपासून लांब पण कापसाच्या तोंडाशी. पुढच्या दशकात त्यांनी आणि व्यवस्थापक बेझनजी मेहतांनी सूत कातणाऱ्या रिंग चात्या आणून पाहिल्या, भारतातल्या गिरण्यांत फार लवकर. जुनी म्यूल यंत्रं आधी सूत ओढत, मग थांबून ते गुंडाळत. रिंगवर पीळ आणि गुंडाळणी अखंड चालते. तोच कापूस घालून एका चातीकडून जास्त सूत निघू लागलं. कागदावर मात्र अशा खरेदीच्या वर्षी मालमत्ता वाढते आणि गुणोत्तर खाली येतं. तेव्हाच्या एखाद्या भागधारकाने नुसता हा भागाकार केला असता तर कपाळावर आठ्या पडल्या असत्या.

झीज आणि बांधकाम निदान डोळ्यांना दिसतं. ब्रँडची किंमत दिसत नाही. हिंदुस्थान युनिलिव्हरची २०१९-२० ची विक्री ३८ हजार कोटींच्या पुढे होती आणि वर्षअखेरची एकूण मालमत्ता २० हजार कोटींच्या आसपास, म्हणजे गुणोत्तर दोनच्या जवळ. १ एप्रिल २०२० ला हॉर्लिक्स-बूस्टवाली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर तिच्यात विलीन झाली. त्या खरेदीपोटी ब्रँड आणि गुडविल (नावलौकिकापोटी मोजलेली जादा किंमत) मिळून ४० हजार कोटींहून जास्त रक्कम ताळेबंदात चढली. २०२०-२१ मध्ये विक्री ४६ हजार कोटींजवळ गेली, पण मालमत्ता ६८ हजार कोटींवर, आणि गुणोत्तर ०.७ च्या खाली. साबणाचं एकही मशीन हळू झालं नव्हतं. अशा कंपनीसाठी दोन आकडे काढावे लागतात: सगळ्या मालमत्तेवरचा, ज्यातून भागधारकांनी त्या ब्रँडसाठी किती मोजलं ते कळतं, आणि गुडविल-ब्रँड वगळून केवळ कारखाना, साठा, येणी यांवरचा, ज्यातून कारखाना कसा चाललाय ते कळतं. कोणता बरोबर, असा प्रश्नच नाही. शेअर घेणाऱ्याला पहिला हवा, प्लांट मॅनेजरला दुसरा.

हे आकडे शोधायला फार फिरावं लागत नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च २०२१ मध्ये बदल झाला आणि कंपन्यांना हिशोबाच्या टिपांमध्ये ११ गुणोत्तरं देणं भाग पडलं. साठ्याची, येण्यांची, देण्यांची आणि निव्वळ चालू भांडवलाची उलाढाल त्यात आहे. एखादं गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त हललं तर कारण लिहावं लागतं. एकूण मालमत्तेचं गुणोत्तर मात्र या यादीत नाही, ते स्वतःच काढायचं. माझा अनुभव असा की आकड्यांपेक्षा ते कारणांचे रकानेच जास्त बोलतात. ‘विक्री वाढल्यामुळे’ एवढंच लिहिणारी कंपनी आणि ‘दुसऱ्या प्लांटचं उत्पादन सहा महिनेच मिळालं’ असं लिहिणारी कंपनी, यांतली कुठली आपला धंदा ओळखून आहे हे लगेच कळतं.

लहान युनिटवाल्यांसाठी एक गंमत सरकारच्याच व्याख्येत दडली आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी. लघूची २५ आणि १००. मध्यमची १२५ आणि ५००. तिन्ही पायऱ्यांवर प्रमाण एकास चार. त्याआधी, जुलै २०२० पासून, ते एकास पाच होतं. सरकारने हे कार्यक्षमतेचं माप म्हणून ठरवलं असं नाही, आणि यात जमीन-इमारत, साठा, उधारी काहीच मोजलेलं नाही, निर्यातही वगळलेली आहे. तरी यंत्रांच्या एका रुपयामागे विक्रीचे चार रुपये हा आकडा आपल्या युनिटशेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. फार मागे असाल तर आधी मशीनचे रिकामे तास मोजा. फार पुढे असाल तर एकतर तुम्ही महाग कच्चा माल फिरवताय, नाहीतर यंत्रं म्हातारी झालीत.

जमीन या हिशोबाबाहेर ठेवलेलीच बरी. एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतात. ज्याने काही दशकांपूर्वी हिंगण्यात प्लॉट घेतला त्याच्या पुस्तकात ती रक्कम आज नगण्य दिसते; शेजारचा प्लॉट गेल्या वर्षी हस्तांतरणाने घेणाऱ्याच्या पुस्तकात ती कोटींत असते. त्या दोघांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडून जमीन काढून टाका, मशिनरी मूळ किमतीला घ्या, मजुरीचं काम आणि स्वतःच्या मालाची विक्री वेगळी करा, आणि मग भागाकार करा.